तीनशे ऐंशी किलोमीटर

‘कांगिक आणि तुपिर्विक या ध्रुवप्रदेशातील धावपट्ट्यांमधील अंतर तीनशे ऐंशी किलोमीटर असून उड्डाणास एक तास दहा मिनिटे लागतात. सबब, कुपानुआक या वृद्धेचा उपासमारीने झालेला मृत्यू विमानात संभवत नाही. तिला घरीच उपाशी ठेवले गेले असावे.’

चौकशी अहवालातले हे ‘असावे’ निविअकने तीनदा वाचले. त्या एका क्रियापदाच्या बळावर तिच्यावर स्वतःच्या आईच्या हत्येचा खटला उभा राहणार होता. उपासमारीचे अनुमान काढणाऱ्या विद्वानांनी वजनाची नोंदवही मात्र उघडलीच नव्हती.

छोट्या विमानात माणसेही तोलूनच चढवतात. एप्रिलच्या त्या लख्ख सकाळी धावपट्टी सांभाळणाऱ्या जोआनासीने म्हातारीला काट्यावर उभे केले. निविअकला आजीचे नाव मिळाले होते, म्हणून कुपानुआक पोटच्या मुलीलाच ‘आई’ म्हणायची.

“बघ गं आई, हा मला शिकारीतल्या सीलसारखी तोलतोय.”

“सील एवढी बडबडत नाही, आत्या,” जोआनासी म्हणाला.

एकसष्ट किलो. सोबत उकडलेल्या मांसाचा डबा. विमानात वैमानिक हॅलक्रो आणि ती, दोघेच.

तुपिर्विकला प्रेत उतरवले, तेव्हा ते चौतीस किलो भरले.

निविअक जोआनासीकडे गेली. दोन्हीकडची घड्याळे जुळत होती, इंधनही हिशेबाप्रमाणेच जळले होते. मग खाली मान घालून त्याने सांगितले, की त्या दुपारी हॅलक्रो परतला तो दहा-बारा दिवसांची दाढी घेऊन. “सकाळी गुळगुळीत होता. मी थट्टा केली. तो हसला नाही.”

इस्पितळाने आईचे कपडे परत केले. खिशात चामड्याची वादी निघाली. प्रवासात दर झोपेमागे एक गाठ मारायची, ही तिची जुनी सवय. घरातून नेताना वादी कोरी होती. आता तिच्यावर अकरा गाठी होत्या. मोज्यांची बोटे बर्फाने झिजली होती. डब्याच्या तळाशी चाटल्याच्या खुणा होत्या.

हॅलक्रोने नोकरी सोडली होती. धावपट्टीमागच्या खोलीत तो जेवायला बसला होता. मेजावर दोन ताटे. समोरची खुर्ची रिकामी, तिच्यापुढचे ताट भरलेले. निविअकने नोंदवही, वादी आणि अहवाल त्याच्यापुढे ठेवले.

“उत्तर लिहून द्या,” ती म्हणाली. “माझ्यासाठी नको. चौकशी समितीसाठी.”

त्याने गाठी मोजल्या.

खिडकीबाहेर ऊन होते.

मग त्याने समोरचे भरलेले ताट आणखी थोडे पलीकडे सरकवले आणि कागद ओढला.

त्याचा जबाब निविअकने समितीपुढे शब्दशः वाचला:

“उड्डाण एक तास दहा मिनिटांचेच झाले. नोंद खरी आहे. आम्ही बर्फावर कधी उतरलो, ते मला आठवत नाही. तिची भाषा मला येत नव्हती; विमान चालवणाऱ्याने आधी खावे, असे ती खुणेने सांगायची. मी रोज खाल्ले. डबा संपल्यावरही ती मला काहीतरी भरवत राहिली आणि रोज वाळत गेली. ते काय होते, हे मी विचारले नाही.”