बुजगावण्याचं उत्तर

सुवा बंदरावरच्या कचेरीत बोटींची खबर ठेवणारी प्रणाली सेरेआनाने लिहिली होती. तिचा इंटरफेस, म्हणजे बोटीवरच्या प्रत्येक यंत्राने पाळायचा करार, निव्वळ दोन वचनांचा. बोट कुठे आहे आणि बोटीवर किती जण आहेत, हे विचारलं की सांगायचं. कसं सांगायचं, ते ज्या त्या यंत्राच्या क्लासने, म्हणजे त्याच्यासाठी लिहिलेल्या कोडच्या तुकड्याने, बघायचं. यंत्र आलेलं नसेल, तर तात्पुरता एक पोकळ क्लास जोडून देत. त्याला काहीही विचारा, उत्तर शून्य. हाताखालचा विमलेश त्याला बुजगावणं म्हणे.

तिचा भाऊ ईलिएसा दोन सोबत्यांना घेऊन मासेमारीला निघाला, तेव्हा त्याच्या बोटीवर यंत्र बसलंच नव्हतं. सेरेआनाने बुजगावणं जोडलं आणि कामाच्या रगाड्यात ती यंत्र बसवायचं विसरून गेली. वादळात बोट बेपत्ता झाली, आणि ती चूक तिला जिव्हारी लागली.

शोध थांबवायचं घाटत होतं, तेव्हा तिने उगाचच विचारायचं बटण दाबलं.

ठिकाण शून्य. बोटीवर तीन.

विमलेशने क्लास उघडला. दोन्ही जागी शून्यच लिहिलेलं. त्याने पुन्हा पुन्हा बटण दाबलं, पण तीन काही हलेना.

"ताई, तू हात घातलास ना यात?"

"घातला असता, तर ठिकाण नसतं का लिहिलं?"

बंदराचे कप्तान वाका यांनी शांतपणे ऐकून घेतलं. असल्या आकड्यावर माणसं समुद्रात धाडता येत नाहीत म्हणाले. तरी तिच्याकडे बघून विमानाची आणखी एक फेरी मान्य केली. दुपारी विमान हात हलवत परतलं.

सेरेआनाला ते तीन बघवेना. तिने क्लासच पुसून टाकला. वचन पाळणारं कोणी उरलं नाही, की कोड तपासून चालण्याजोगा करणारा कंपायलर अडून बसतो.

तो अडला नाही.

तिने बटण दाबलं. दोन.

पुन्हा दाबलं. एक.

विमलेशने बटणाकडे हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली. "पोहण्यात आमचा ईलिएसाच पटाईत होता."

शोध संपला. चर्चमध्ये तिघांसाठी प्रार्थना झाली. त्या बटणाला मात्र कोणी हात लावला नाही. रविवारी चर्च सुटलं की ईलिएसाची बायको येई आणि पडद्यासमोर बसून राही. सेरेआना तिला चहा देई.

गेल्या रविवारी बाकीच्या दोघांच्या बायकाही आल्या. विमलेशने आणखी दोन खुर्च्या आणून ठेवल्या. तिघी पडद्यावरच्या त्या एकाकडे बघत बसल्या.