कपाटात जपलेला कागद

“आत्या, तुझं डोकं फिरतं ना, तेव्हा तुला आतून कळतं का गं?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव! आणि भाचीने विचारलंसुद्धा, भर जेवणात, तोंडात घास असताना! वहिनीच्या हातातला डाव तसाच थांबला. भाऊ ओरडला, “कार्टे, जीभ आहे की कात्री?”

आत्याला राग यायला हवा होता, निदान रडू तरी... पण गेले दोन महिने तिच्या अंतःकरणात काही हलतच नव्हतं, जणू कुणी आत कापूस कोंबला होता. हलत होते ते फक्त हात! याच हातांनी लोकांचे कपडे शिवून तिने धाकट्या भावाला शिकवलं, त्याचा संसार उभा राहीपर्यंत स्वतःचा मांडला नाही, आणि आता सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी बोटं अशी थरथरत...

“कळतं,” ती म्हणाली. “कोण काय बोलतं, कोण कुठे सही करतं, सगळं कळतं. फक्त मला कुणी विचारत नाही.”

“कसली सही?” भाचीने विचारलं.

आत्या ताटातला भात कालवू लागली. भावाला लागेल म्हणून दोन महिने ती गप्पच होती! शेवटी भाऊच उठला आणि कपाटातून एक कागद घेऊन आला. तीन वर्षांपूर्वी, चांगली बरी असताना, आत्याने लिहिलेला : मी आजारी पडले तर माझ्या वतीने माझ्या भावाने बोलावं, गोळ्या घेईन, पण मागे दिलेलं ते इंजेक्शन नको, त्याने माझे हात जातात. भावाने तो लॅमिनेट करून, घराच्या कागदांखाली, कुलपात ठेवला होता... इतका जपला, की दवाखान्यात न्यायचं सुचलंच नाही! दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी विचारलं, इंजेक्शन देऊ? याने सही केली.

“ताई, तू भिंतीवर डोकं आपटत होतीस गं... मी घाबरलो! मला माफ कर!” भाऊ हुंदके देऊ लागला.

“केलं रे. पण मला रडू येत नाहीये, त्याला मी काय करू?” आत्याने आपला कापरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. हाताखालचे केस तिला जाणवले, बाकी काहीच नाही.

“झालं ते झालं,” वहिनी डोळे पुसत म्हणाली. “उद्या पुढचं इंजेक्शन आहे, नऊला निघायचंय.”

आत्याचा हात थबकला. भाचीने तिच्याकडे पाहिलं.

“आत्या, पुढच्या वेळी तुझ्या वतीने मी बोलले तर चालेल?”

“तोंड तर आहेच तुला तेवढं,” आत्या म्हणाली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. “चालेल.”

भाची उष्ट्या हातानेच उभी राहिली.

“आई, बाबा, ऐका! उद्या मी कॉलेज बुडवतेय. कागद माझ्या बॅगेत राहील. डॉक्टरांनी विचारलं की तुम्ही दोघांनी गप्प बसायचं. आत्या भानावर आहे, तिचं ती सांगेल. आणि जानेवारीत मला अठरा पूर्ण झाली की नवा कागद करायचा. त्यावर नाव माझं!”