कुस्नादींचं ‘आपण’

“टेप चोरीला गेली,” प्रास म्हणाला, “आणि संध्याकाळी पाहुणे येणार आहेत.”

चोरीचा छडा लावायला बोलावलेल्या निंग्रुमबाई चपला काढेपर्यंत त्याने सगळं सांगून टाकलं. सोलो शहरात माणसं एवढ्या घाईने बोलत नाहीत. पण आज त्याच्या वडिलांना जाऊन शंभरावा दिवस होता, आणि वडील साधेसुधे नव्हते. कुस्नादींच्या विज्ञानकथा वाचून जावातल्या निम्म्या पोरांना आभाळाचं वेड लागलं होतं. हात थरथरू लागले तेव्हा शेवटची गोष्ट त्यांनी टेपवर बोलून ठेवली आणि बजावलं, ‘शंभराव्या दिवशी सगळे मिळून ऐका.’ सकाळी पाहिलं तर डबी जागेवर, आत टेप नाही.

“पोलिसांत गेला होतात?” तोपोने विचारलं. तोपो बाईंचा दीर. तपासाला सोबत यायचा, मुख्यतः जेवायला.

“आवाज चोरीला गेला म्हणून तक्रार कोण घेणार, काका?”

दिवाणखान्यात कुस्नादींचा फोटो होता. पुढे त्यांची काळी कॉफी, लवंगेच्या सिगारेटी आणि एक छोटा दिवा. त्यांची बायको रात्मी दिवा सारखा करत होती. मधूनच तिचा हात कमरेकडे जाई. या वयात कंबर धरतेच.

“आपण निघालो, दिवा चालू ठेवा,” ती पुटपुटली.

“काकू, ‘आम्ही’!” कोपऱ्यातून लारास म्हणाली. कुस्नादींच्या वाचक मंडळाची ही प्रमुख. “आम्ही निघालो, दिवा चालू ठेवा. प्रत्येक कादंबरी याच वाक्यावर संपते.”

“मला शिकवतेस? चाळीस वर्षं मीच टाइप केलंय ते.”

“सगळेच निघाले तर दिवा चालू कोण ठेवणार?” तोपो हसला. बाकी कुणी हसलं नाही. त्याने भिंतीकडे पाहिलं. “घड्याळ बंद आहे. शोक पाळताय वाटतं?”

“कसला शोक!” प्रास वैतागला. “या घरात घड्याळ कधी धड चाललंय? बाबा ओरडून ओरडून थकले.”

बाईंनी आधी लिएमना गाठलं. ते प्रकाशक.

“मी कशाला चोरू?” ते म्हणाले. “संध्याकाळी ऐकून उद्या छापायलाच घेणार होतो. आता वाचक मलाच फाडून खातील.”

लारासचे डोळे सुजले होते. “रोज डोळे मिटून त्यांचा आवाज आठवते. परवा आठवेचना. घाबरले हो. म्हटलं, शंभरावा दिवस येतोय, तेव्हा परत ऐकू येईल.”

बाई पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या. फळीवर सेलवर चालणारा जुना छोटा टेपरेकॉर्डर होता. त्यांनी बटण दाबलं. हूं की चूं नाही.

“वहिनी, मला लिएम वाटतो,” मागून तोपो कुजबुजला.

“भावजी, तुम्हाला वाढपी सोडून सगळेच चोर वाटतात.”

तेवढ्यात रात्मी केळीची पानं पुसायला आत आली. बाईंनी दार लोटून घेतलं.

“रात्मीताई, टेप नेणाऱ्याला ती एकट्याने ऐकायची होती. बाहेरचा मोठा टेप लावला तर घरभर ऐकू जातं. हा छोटा चालतो सेलवर. सेल आले घड्याळातून आणि ऐकता ऐकता संपले.”

“घड्याळ कुणीही उघडेल.”

“उघडेल. पण ‘आपण’ कोण म्हणेल? ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तोही आत येतो. चाळीस वर्षं टाइप केलेलं वाक्य तुम्ही चुकणार नाही. ते बदललं असेल तर त्यांनीच बदललं, टेपवर. आणि मघापासून तुमचा हात कमरेला जातोय.”

रात्मीने कनवटीची टेप काढून पानावर ठेवली.

“जन्मभर ‘आम्ही निघालो’. ते आणि त्यांची यानं. मी इथे दिवा लावून बसलेली. एकदा म्हटलं, मला कधी नेणार? तर नुसते हसले. आणि आता जाता जाता ‘आपण’ म्हणाले. एवढा एकच शब्द माझा आहे, बाई. तो गावभर कसा वाटू?”

निंग्रुमबाईंनी पानावरची टेप हळूच तिच्याकडे सरकवली. “माझ्या नवऱ्याचा आवाज कुठेच राहिला नाही. असता तर मीही कनवटीला लावला असता.” तोपोने मान खाली घातली, बाईंचा नवरा त्याचा भाऊ होता. “तुम्ही नको म्हणा, मी बाहेर जाऊन सांगते, हरले. पण ती लारास त्यांचा आवाज विसरत चाललीय.”

“विसरतेय?” रात्मी कितीतरी वेळ पानं पुसत राहिली. मग तिने टेप उचलली आणि स्वतःच बाहेर गेली.

संध्याकाळी प्रार्थना झाली आणि मोठा टेप लावला. आधी खोकला, मग तो आवाज. लारासने प्रासचा हात घट्ट धरला. गोष्ट संपत आली.

“आपण निघालो, दिवा चालू ठेवा.”

रात्मी बटण बंद करायला उठली. तिच्या लेखी टेप इथेच संपत होती, छोट्या टेपचे सेल इथेच गेले होते. पण आवाज थांबला नाही.

“रात्मी, तू मात्र सावकाश ये. आणि हे ऐकायला घड्याळाचे सेल काढले असशील, ते परत घाल.”

सगळे रडता रडता हसले. रात्मी फोटोकडे बघत उभी राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, “तोपोभाऊ, कोपऱ्यावरून दोन सेल आणता का?”