लाक्रित्सला काहीच कसं झालं नाही?

"व्हिग्गा! लवकर ये! मार्सिपान उठतच नाहीये!"

कोनराडची हाक आली तशी व्हिग्गा हातातला पाव टेबलावर टाकून परसात धावली. मार्सिपान, आजीची सगळ्यात गुबगुबीत कोंबडी, कुंपणाशी आडवी पडली होती. मान वाळूत टेकलेली, डोळे मिटलेले. कालपर्यंत हीच कोंबडी कोनराडच्या बुटाच्या नाड्या ओढत होती!

"हात लावू नकोस हं!" आजी मागून ओरडली. मेलेल्या पाखराला उघड्या हाताने शिवायचं नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं. आजीने रबरी हातमोजे चढवले, मार्सिपानला पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं आणि पिशवी शेडमध्ये नेऊन ठेवली. तिथे अशा पिशव्या आधीच होत्या.

दर उन्हाळ्यात व्हिग्गा आणि तिचा धाकटा भाऊ कोनराड बोटीने टेर्नो बेटावर आजीकडे यायचे. कोंबड्यांची नावं त्यांनीच ठेवलेली, सगळी गोडधोडाची: मार्सिपान, व्हॅनिला, क्रिंगल आणि ज्येष्ठमधाच्या गोळीसारखी काळी कुळकुळीत लाक्रित्स. आजोबा गेल्यापासून या घरात आजीचं बोलणं ऐकायला दुसरं होतंच कोण?

"बोदिलमावशी, अजून एक गेली ना?" कुंपणापलीकडून आवाज आला. प्रेबेनकाका! बेटाच्या छोट्या बंदराचे प्रमुख, दर जूनमध्ये किनाऱ्यावर पेटणाऱ्या सांक्त हान्सच्या होळीचेही प्रमुख आणि न मागता सल्ला देण्यात तर पहिला नंबर. "बर्ड फ्लू आहे हा, दुसरं काही नाही! उरलेल्या आजच मारून टाका. नाहीतर सगळ्या बेटाला भोवेल!"

"डॉक्टर लाउगेसन उद्या सकाळच्या बोटीने येतायत," आजी म्हणाली. मग खुराड्याकडे बघत हळूच पुढे म्हणाली, "त्या आल्या की मीच सांगणार आहे, सगळ्यांना शांतपणे संपवा म्हणून. हे हाल मला बघवत नाहीत. आणि आता पुन्हा कोंबड्या पाळणं नाही."

आजीचं हे परस, कोंबड्यांशिवाय?

दुपारी शेडमागच्या उलट्या नावेवर तिघांची बैठक बसली. तिसरी थेआ, प्रेबेनकाकांची मुलगी. पोहण्यात, झाडावर चढण्यात आणि फटकळ बोलण्यात तिचा हात धरणारं बेटावर कुणी नव्हतं.

"कोल्हा!" कोनराड म्हणाला.

"कोल्हा कोंबडी खातो, बावळटा. नुसती झोपवून जात नाही," थेआ म्हणाली.

"दाणे सडके असतील."

"तेच दाणे लाक्रित्सही खाते," व्हिग्गा विचार करत म्हणाली. "आणि ती तर ठणठणीत आहे!"

तिघंही खुराड्याकडे गेली. लाक्रित्स अंड्यांवर बसली होती. बाकीच्यांनी त्रास देऊ नये म्हणून आजीने खुराड्याच्या कोपऱ्यातच तिच्या खोक्याला जाळी लावली होती, दाणापाणीही आतच. कोनराडने जाळीला बोट लावताच तिने फिस्सकन पिसं फुलवली. या बाईंच्या तब्येतीला काही म्हणता काही झालं नव्हतं!

"दाणे तेच, पाणी तेच," व्हिग्गा पुटपुटली. "साथ असती तर हिलाही लागली असती. रात्री सगळ्या हिच्या शेजारीच झोपतात. मग बाकीच्या असं काय करतात, जे ही करत नाही?"

"चालतात," थेआ म्हणाली. "किडे शोधतात. भांडतात."

"गप्प बसून बघू या ना जरा."

गप्प बसणं थेआला औषधापेक्षा कडू. पण बसली बिचारी. परसात उरलेल्या दोघी, व्हॅनिला आणि क्रिंगल, पंख पाडून उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने व्हॅनिला झोकांड्या खात छपराखालच्या खड्ड्यापाशी गेली आणि आत आडवी झाली. पायांनी राख अंगावर उडवायला लागली. कोंबड्यांची अंघोळ ही अशीच असते. अंगावरच्या उवा-पिसवा जाव्यात म्हणून आजी दरवर्षी त्या खड्ड्यात चुलीची राख टाकायची. अंघोळ झाली आणि व्हॅनिला चोचीने एकेक पीस साफ करू लागली.

"ती राख गिळतेय!" व्हिग्गा ताडकन उठली. "पिसांवरची राख पोटात जातेय तिच्या! आणि लाक्रित्सला जाळी आहे, तिची अंघोळच नाही!"

"पण राख तर दरवर्षीच असते," थेआ म्हणाली.

कोनराडचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोनराड? काय झालं?"

"चुलीची राख संपली होती," तो कसाबसा म्हणाला. "म्हणून मी... सांक्त हान्सच्या होळीची आणली. ढकलगाडी भरून. आजी शाब्बास म्हणाली मला." आणि त्याला हुंदका आवरेना. "मी मारलं मार्सिपानला!"

व्हिग्गाने त्याला जवळ ओढलं. चांगलं करायला गेलेल्या माणसाच्या हातून असं झालं की त्याला काय सांगायचं असतं?

"ऐक," ती शेवटी म्हणाली. "लाकडाच्या राखेने कोंबडी मरत नाही. त्या राखेत काहीतरी होतं आणि ते तू टाकलेलं नाहीस. कुणी टाकलं ते शोधू. पण आधी या दोघींना इथून हलवू!"

हातमोजे घालून त्यांनी व्हॅनिला आणि क्रिंगलला ओल्या फडक्याने पुसून काढलं, धुण्याच्या खोलीत कोंडलं आणि ताजं पाणी ठेवलं. राखेचा खड्डा ताडपत्रीने झाकला. मग तिघंही किनाऱ्यावर पळाली.

होळीच्या जागी भलंमोठं काळं वर्तुळ होतं. "कुणी हात लावायचा नाही, आणि वारा पाठीशी घेऊनच उभं राहायचं," व्हिग्गाने बजावलं. लांब काठीने त्यांनी कडेकडेने उकरलं. फांद्यांचे कोळसे, होळीवर बसवलेल्या चेटकिणीच्या पुतळ्याच्या झाडूची तार, आणि मग एकामागोमाग एक जाडजूड बोल्ट! शेवटी एका फळीचा अर्धवट जळलेला तुकडा निघाला. कापलेल्या कडेला तो फिकट हिरवा होता.

"आमच्या सुतारकामाच्या बाईंनी अशी फळी दाखवली होती," व्हिग्गा म्हणाली. "लाकूड कुजू नये म्हणून त्यात औषध मुरवतात. ती कधीच जाळायची नाही, असं त्या दहादा म्हणाल्या होत्या. पण ही आली कुठून?"

थेआ त्या तुकड्याकडे टक लावून बघत होती. त्यात एक वाकडा, निळा रंग दिलेला खिळा होता.

"हा खिळा माझा आहे," ती म्हणाली. "खेकडे पकडायची दोरी बांधायला मीच ठोकला होता. जुन्या धक्क्यावर."

जुना धक्का थेआच्या बाबांनी वसंतात मोडला होता. त्याच्या फळ्या कचऱ्याच्या बोटीने मोठ्या गावात पाठवायच्या होत्या. थेआ पायातला बूट वाळूत घासत राहिली.

"तू नको येऊस उद्या," व्हिग्गा म्हणाली. "आम्ही सांगू डॉक्टरांना."

"येणार!" थेआने नाक पुसलं. "पण सरळ विचारलंत तर बाबा साफ नाही म्हणतील. त्यांच्या होळीत वाईट काही असूच शकत नाही ना! त्यांना पकडायचं तर एकच जागा आहे. त्यांच्या लाडक्या स्ट्रॉबेरीचा वाफा!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर लाउगेसन परसात पोचतात न पोचतात तोच प्रेबेनकाका कुंपणाशी हजर झाले. "बर्ड फ्लूच ना, डॉक्टर?"

"अजून पिशवीही उघडली नाही मी," डॉक्टर म्हणाल्या.

तेवढ्यात काकांच्याच बागेतून आवाज आला. "बाबा, तुमच्या स्ट्रॉबेरीला भेट आणलीय!" थेआ आणि व्हिग्गा करड्या भुकटीने भरलेली बादली ओढत होत्या. मागून कोनराड फावडं घेऊन.

"हे काय?"

"होळीची राख, काका," व्हिग्गा निरागस चेहऱ्याने म्हणाली. "तुमच्या होळीत फक्त स्वच्छ लाकूड असतं ना? राख स्ट्रॉबेरीला फार चांगली. टाक रे, कोनराड!"

कोनराडने फावडं भरलं.

"थांब! थांब!" प्रेबेनकाका धावले. "ती राख नको! एक कणसुद्धा पडता कामा नये! आम्ही खातो त्या स्ट्रॉबेरी!"

कुंपणापलीकडे आजी आणि डॉक्टर दोघीही त्यांच्याकडेच बघत होत्या.

"का नको, प्रेबेन?" आजीने विचारलं.

थेआने काठीच्या टोकाला तारेने बांधलेला तो हिरवट तुकडा पुढे धरला. निळा खिळा बघून काका मटकन वाफ्याच्या कडेला बसले.

"कचऱ्याची बोट दोनदा चुकली," ते खाली बघत म्हणाले. "होळीत काय, सगळंच जळून जाईल म्हटलं."

"लाकूड जळतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण जुन्या हिरव्या फळ्यांमध्ये आर्सेनिक असायचं. ते राखेतच उरतं, आणि कोंबडीला चिमूटभरही पुरतं. मी तपासणीला पाठवतेच, पण लक्षणं तंतोतंत जुळतायत. त्यांची अंडी खाल्लीत का कुणी?"

"आजारी पडल्या तशी घालायचीच थांबल्या," आजी म्हणाली. "आधीची लाक्रित्सच्या खाली आहेत."

"सुटलात! आणि मुलांनो, ही बादली आधी खाली ठेवा बघू, विष आहे ते!"

"ही?" थेआ खुदकन हसली. "ही तर किनाऱ्यावरची वाळू आहे. आम्ही काय वेडे आहोत?"

डॉक्टर हसतच सुटल्या. "मी येऊन दोन दिवसांनी जे सांगितलं असतं, ते तुम्ही एका दुपारी शोधलंत! धन्य आहात!" व्हॅनिला आणि क्रिंगलला तपासून त्या म्हणाल्या, या दोघी बहुतेक वाचतील.

प्रेबेनकाकांनी त्याच दिवशी सगळ्या बेटाला फोन करून होळीची राख कुणी वापरू नका म्हणून सांगितलं. चेहरा कसा पडला होता त्यांचा! पण प्रत्येकाला आपली चूक स्वतःच सांगत होते; किती जणांना, ते थेआने मुद्दाम मोजलं. मग त्यांनी आजीचा खड्डा खालच्या मातीसकट खणून नेला.

पुढच्या आठवड्यात लाक्रित्सच्या पोटाखालून चिवचिव ऐकू आली. सगळे जाळीपाशी जमले, कोनराड सोडून. तो शेडच्या दाराशी उभा होता. त्या दिवसापासून त्याने ढकलगाडीला हातही लावला नव्हता.

आजीने ती गाडी बाहेर काढली, झटकली आणि त्याच्यापुढे आणून उभी केली.

"पिल्लं मोठी झाली की त्यांना अंघोळीला खड्डा लागेल," ती म्हणाली. "किनाऱ्यावरची स्वच्छ वाळू हवी."

"व्हिग्गाला सांग ना," कोनराड पुटपुटला.

"व्हिग्गाला कशाला? माझ्या कोंबड्यांच्या अंघोळीचं बघणारा तूच आहेस. मला तूच आणलेली हवी."

कोनराडने आजीकडे पाहिलं, मग गाडीकडे. आणि दोन्ही दांडे घट्ट धरून तो किनाऱ्याच्या वाटेने निघाला.