पाखऱ्याच्या चौदा कवड्या

माळेवाडीत कारवान जातीच्या कुत्र्याच्या पट्ट्याला कवड्या लावायची रीत होती. बिजली नावाची एक शिकारी कुत्री गावात पूर्वी होऊन गेली. कुत्र्याचे आई-बाप, आजे आणि पणजे मिळून चौदा पूर्वज. त्यातले जितके बिजलीच्या घराण्यातले, तितक्या कवड्या! कवड्या वाढल्या की मालकाची मानही ताठ व्हायची. चौदाच्या चौदा कवड्या मिळवणारा पहिला कुत्रा म्हणजे राहीचा पाखऱ्या.

आणि तोच पाखऱ्या चौथ्या वर्षी, यांत्रिक सशामागे धावताना माळावर कोसळला आणि काळीज थांबून गेला. खऱ्या शिकारीवर बंदी येऊन तेव्हा जमाना लोटला होता.

सगळ्यात चांगल्या रक्ताचा कुत्रा सगळ्यांआधी का गेला? हे कोडं गावाला पडलं होतं. राहीला कोडंबिडं नको होतं, तिला पाखऱ्या हवा होता. शाळेतून आली की ती अजूनही दारात थबकायची आणि तो झेप घेईल म्हणून गुडघे घट्ट करायची. झेप येत नसे. मग दप्तर टाकून ती कोपऱ्यात बसून राही.

पाखऱ्याची मुलगी चांदी वयात आली, तशी राही आजोबांकडे, तात्यांकडे धावली. तात्यांनी पुण्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं जनावरांची जनुकं (शरीर कसं घडवायचं, हे सांगणाऱ्या आई-बापांकडच्या सूचना) वाचली होती.

"तात्या, चांदीला सुलतानच बघा. तोबी बिजलीच्या घराण्यातला. पिल्लू डिट्टो पाखऱ्यावाणी निघंल!"

तात्यांनी पाखऱ्याच्या पट्ट्यातल्या दोन कवड्या सोडवून तिच्यापुढे ठेवल्या.

"प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक बापाची. उताणी कवडी म्हणजे चांगली प्रत, पालथी म्हणजे बिघडलेली. एक जरी उताणी असली तरी बहुतेक वेळा काम भागतं, दोष लपून राहतो. आता आपण करतो ती वंशरेषा-पैदास (गुणी पूर्वजाचं रक्त टिकवायला त्याच्याच नात्यात जोडी लावणं). बिजलीचा वेग, तिची खोल छाती या पैदाशीनंच टिकली. पण बिजलीची एखादी पालथी कवडीही त्याच वाटेनं आली. आईकडूनही आली, बापाकडूनही आली तर?"

राहीने दोन्ही कवड्या पालथ्या घातल्या. "पाखऱ्याचं काळीज?"

"व्हय. आपण कवड्या मोजून मिरवत हुतो पोरी, आणि खरं तर धोका मोजत हुतो. मीबी मिरवलो. एवढं शिकून."

तात्यांनी पट्टा उचलून नजरेआड ठेवला. राहीने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"मग गोट्याकडून सुलतानचं रगत वाचून घिऊ की," ती म्हणाली. गोट्या म्हणजे तात्यांचा गोल, गडगडत चालणारा यंत्रमानव.

"शास्त्रज्ञांना सापडलेलेच दोष मला वाचता येतात," गोट्या म्हणाला. "अजून न सापडलेल्यांचं काय?"

त्यावर उपाय होता बाह्यसंकर (जात तीच, पण नात्याबाहेरची जोडी). लातूरकडच्या एका धनगराच्या वाड्यावर दगडू नावाचा कारवान होता. त्याचं रक्त वेगळं, त्यामुळे एकच पालथी कवडी दोघांकडूनही येण्याची शक्यता फार कमी.

"पर मग पाखऱ्या परत येणार न्हाई."

"तो तसाबी येणार न्हाई, राही."

राही धाय मोकलून रडली. दोन दिवस ती तात्यांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच येऊन सांगितलं, "दगडूच्या मालकाला फोन लावा."

सात पिल्लं झाली. कुणी पिवळं, कुणी करडं, पाखऱ्यासारखं एकही नाही. गोट्याने सातही काळजं ऐकली आणि सातही ठणठणीत निघाली. राहीने एका करड्या पिल्लाचं नाव ठेवलं नवल. त्याच्या पट्ट्याला आईकडच्या सातच कवड्या आल्या. गाव हसलं. पण वर्षभरात तेच हसणारे एकेक करून तात्यांकडे धनगराचा पत्ता मागायला आले. त्यांच्या पुढच्या पिल्लांतून चांगली निवडून पुन्हा बिजलीच्या घराण्याकडे जपून वळता येईल, असं तात्या त्यांना समजावत.

एकदा शाळेतून येताना राही चाचणीच्या गुणांचा विचार करत होती. दारात थबकायचं ती विसरली, गुडघे घट्ट करायचंही विसरली. आतून करड्या रंगाचं काहीतरी सुसाट आलं आणि राही दप्तरासकट उताणी पडली.

नवल तिचं तोंड चाटत होता. राही हसत होती, रडतही होती. मग तिने त्याच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली.