दोघांना एकच कप्पा

अंबडच्या कंपनीत आणलेले नवे सर्व्हर बिनडिस्कचे होते. त्यांची सगळी स्मरणशक्ती पलीकडच्या खोलीतल्या स्टोरेजच्या कपाटात. बटण दाबलं की सर्व्हर जागा व्हायचा, केबलमधून कपाटाला विचारायचा, 'मी कोण?' आणि आपल्या नावाच्या कप्प्यातून जे उत्तर येईल, ते व्हायचा. ज्याला त्याला कप्पा नेमून द्यायचं काम हर्षालीचं. त्या कामात तिचा हात धरणारं कंपनीत कुणी नव्हतं.

त्या दिवशी मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सईला रात्रीपासून ताप होता. रजा मिळाली नाही, म्हणून चार वर्षांच्या पोरीला सासूबाईंच्या हवाली करून ती आली होती. निघताना सई ओढणी सोडेना. हे एवढं मार्गी लावायचं आणि घर गाठायचं, दुसरं काही तिला सुचत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तिच्याबरोबर काम करणारा खलील हाक मारायला आला.

"ताई, वरच्या आणि खालच्या, दोन्ही सर्व्हरना एकच कप्पा दिलाय तुम्ही."

"अरे देवा! आणि दोन्ही चालू?"

"तेच तर. एका म्यानात दोन तलवारी. एव्हाना कप्प्यातलं सगळं खराब व्हायला पाहिजे होतं. पण दोघंही मजेत चाललेत."

सर्व्हरच्या खोलीत एसीची संथ घरघर भरून राहिली होती. स्क्रीनवर दोघांचं नाव एक, आकडेही तेच. बघता बघता हर्षालीला गुंगी आली. जिभेवर मऊ मेतकूट-भाताची चव आली, आणि डबा तर अजून बॅगेतच होता. मग कपाळावर ठेवायच्या मिठाच्या पाण्याच्या घडीचा गारवा बोटांना लागला. तिने पाहिलं, बोटं खरंच ओली होती. मांडी जड झाली, झोपलेलं पोर अंगावर असावं तशी. इतकं बरं वाटलं तिला, की तिने डोळेच मिटून घेतले.

"ताई?"

ती दचकली. सासूबाईंना फोन लावून तिने तो स्पीकरवर टाकला.

"कोन बोलतंय?" कुसाबाई कुजबुजल्या.

"आई, मी हर्षाली. सई कशी आहे?"

कुसाबाईंनी आवाज आणखी खाली आणला.

"थट्टा करता का बाई? हर्षाली तर हितं बसली हाय. पोरगी आत्ताच निजली तिच्या मांडीवर. ताप लय उतरला."

ताप उतरला. आधी तेवढंच तिच्या कानात शिरलं, आणि तिचे डोळे भरून आले. मग भीती वाटली. सकाळी आपण रिक्षाने आलो की बसने, काही केल्या आठवेना. सईच्या मुठीतून ओढणी सोडवली होती. त्यानंतर थेट ही खोली.

खलीलची नजर स्क्रीनवरच होती.

"ताई, एक बंद करावाच लागेल. नाहीतर दोन्ही जातील. कुठला करू?"

'थांब' म्हणायला हर्षालीने तोंड उघडलं.

फोनमधून तिचाच आवाज आला. हळू, पोर जागं होऊ नये असा.

"खालचा बंद कर रे. तो आज सकाळीच चालू केलाय."

"बरं, ताई," खलील म्हणाला, आणि हर्षालीकडे वळूनही न बघता खाली वाकला.