कॅरिअरवरचं वचन

नाताळच्या गाण्यांची तालीम आटोपली होती. रांझीच्या चर्चच्या आवारात पोरं शेकोटीभोवती बसली होती आणि ज्योतीने श्रीकांतला धारेवर धरलं होतं. रविवारी म्हणायचं बायबलमधलं वचन त्याला अजून पाठ नव्हतं.

"पाठ काहून करू?" श्रीकांतने मोबाइल वर धरला. "अख्खं पवित्र शास्त्र यात आहे."

"आणि बॅटरी गेली तर?"

"तू आहेस ना दीदी. तुझी बॅटरी कधी उतरते?"

सगळे हसले. कारखान्यातून निवृत्त झालेले बापू मात्र हसले नाहीत. शेकोटीत एक काटकी सरकवत ते म्हणाले, "आपले संडे स्कूलचे शैलेंद्र मास्तर. फेब्रुवारीत गेले. ऊन असो, पाऊस असो, पायीच चालायचे. तरुणपणानंतर त्यांनी सायकलला हात का लावला नाही, ठाऊक आहे?"

कोणालाच ठाऊक नव्हतं.

"मला त्यांनी एकदाच सांगितलं होतं," बापू म्हणाले, आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

अकरा डिसेंबर एकोणीसशे एकाहत्तर, शनिवारची रात्र. लढाई सुरू होती आणि शहरात ब्लॅकआउट होता. शैलेंद्र तेव्हा बाविशीचा, दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. त्या रात्री त्याच्याकडे एक साधंसं काम होतं. सोबतच्या कामगाराची, विठोबाची, सायकल रिछाईला त्याच्या घरी पोचवायची. सायकल कारखान्याच्या स्टँडवर तशीच राहिली होती. विठोबाला शिफ्टमध्येच ताप चढला, न्यूमोनिया झाला, आणि गुरुवारी त्याला पुरलं.

विठोबा वयाने बराच मोठा. बाप्तिस्मा झाला तरी नाव तेच राहिलं होतं. अक्षरओळख नव्हती, पण वचनांची भूक दांडगी. कारखान्याच्या गेटवर झडती व्हायची. काडेपेटी, किल्ल्या, कागदाचा कपटासुद्धा जमा करावा लागायचा. विठोबा म्हणायचा, "डोकं थोडंच जमा करून घेतात, बाबू? त्यात भरून आण."

मग दोघांचं ठरलं. शैलेंद्रकडे सायकल नव्हती. विठोबा रोज रिछाईहून येताना त्याला रांझीत कॅरिअरवर घेणार, आणि शैलेंद्रने भाडं म्हणून एक वचन द्यायचं. पहाटे पुस्तक उघडून पाठ करायचं आणि मागे बसून सांगायचं. विठोबा पायडल मारता मारता ते घोकायचा आणि रात्री बायकोला, भानुमतीला, शिकवायचा. शैलेंद्र मात्र कॅरिअरवरून उतरला की विसरून जायचा. पुस्तक घरी होतंच. विसरलं म्हणून काय बिघडलं?

मग ओव्हरटाइम वाढला. पहाटे डोळे उघडेनात. एक दिवस पुस्तक न उघडताच तो कॅरिअरवर बसला.

"हां बाबू, चलो, भाडं काढा."

रस्ता काळोखा होता, समोर विठोबाची रुंद पाठ. शैलेंद्रच्या घरी रोज प्रार्थना व्हायची, त्यामुळे ती भाषा जिभेवर तयार होती. तो बोलून गेला, "भिऊ नको. काळोखाच्या वाटेवर मी तुझ्या मागे बसलेला आहे."

विठोबाने पायडल मारता मारता ते दोनदा घोकलं. मग म्हणाला, "वा! हे तर माझ्यासाठीच लिवलं हाय."

त्यानंतर शैलेंद्रने पुस्तक क्वचितच उघडलं. बनावट वचनं खपत होती. पण विठोबाने सगळ्यांत घट्ट धरलं ते हेच.

दफनाच्या वेळी भानुमतीने शैलेंद्रला बाजूला घेतलं. "शेवटच्या श्वासापर्यंत तेच म्हणत होते, भाऊ. क्रुसावर तेच लिहायचं आहे. पाळकसाहेब म्हणतात, अध्याय कोणता?"

"पाहून सांगतो," शैलेंद्र म्हणाला.

आणि आता सायकल घेऊन तो तिच्याच दारी निघाला होता. काय सांगायचं ते त्याने ठरवून टाकलं होतं. जुन्या भाषांतरात आहे म्हणायचं, आणि विषय संपवायचा.

सायकलच्या दिव्याला काळा कागद लावलेला होता. रांझीची शेवटची घरं मागे पडली. खिडक्या झाकलेल्या, कुठे उजेडाची तिरीपही नाही. थंडी मी म्हणत होती. पुढे सपाट रस्ता होता.

सपाटच होता. तरी पायडल जड झालं.

पंक्चर असेल म्हणून तो उतरला. मागचं चाक दाबून पाहिलं. हवा भरपूर होती. तो पुन्हा बसला.

कॅरिअरची स्प्रिंग करकरली.

असं तर कोणी बसलं की करकरते...

त्याने मागे पाहिलं नाही. जोर लावला. चाक रुतल्यासारखं फिरत होतं. मागे कोणीतरी खोकलं. ओला, छातीतला खोकला.

मग आवाज आला. अगदी हलका.

"भिऊ नको... बाबू..."

शैलेंद्रचे हात हँडलला चिकटले.

"काळोखाच्या वाटेवर... मी तुझ्या मागे..."

आवाज थांबला. चाकं फिरत राहिली.

"कुठं हाय ते, बाबू? शोधून राहिलो... सापडून नाही राहिलं. तिथं सगळ्यांना सगळं पाठ हाय. हेच कोणाला ठाऊक नाही... काहून?"

खरं वचन म्हणावं! एक तरी! त्याने तोंड उघडलं. लहानपणापासून ऐकलेली, वाचलेली, मेंढपाळाचं स्तोत्रसुद्धा... काहीच येईना. ओळीचं पहिलं अक्षर येईना. जिभेवर एकच येत होतं. स्वतः बनवलेलं.

तो उतरला. सायकल ढकलू लागला.

वजन उतरलं नाही.

"...बाबू?"

तो ढकलत राहिला. मागून पुन्हा आवाज आला नाही. नुसती स्प्रिंग. करकर... करकर... भानुमतीच्या दारापर्यंत.

तिने दार उघडलं. आत अंधारच होता. "आलात भाऊ? अध्याय सापडला?"

ठरवलेलं खोटं ओठांवर होतं. मागे स्प्रिंग एकदा करकरली.

"वहिनी, ते शास्त्रात नाही," शैलेंद्र म्हणाला. "मी बनवलं होतं. आणखीही पुष्कळ."

भानुमती उंबऱ्यावरून पुढे आली. तिने फक्त विचारलं, "मग ते कशाच्या भरवशावर गेले, भाऊ?"

त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि तो मागे फिरला.

क्रुसावर नुसतं नाव लिहिलं गेलं. खालची जागा कोरी राहिली.

बापू थांबले. श्रीकांतचा मोबाइल केव्हाच खिशात गेला होता.

"दुसऱ्या दिवसापासून ते पायी जाऊ लागले," बापू म्हणाले. "चालताना ओठ हलायचे, पाहिलंत ना तुम्ही? रोज एक वचन. आधी पुस्तकात तीनदा पाहून मग पाठ करायचे. दर रविवारी विठोबाच्या क्रुसापाशी उभं राहून ते म्हणून दाखवायचे. मी विचारलं, भैया, माफी मिळाली का? तर म्हणाले, तिकडून अजून काही आवाज नाही."

"आणि सायकल?" ज्योतीने हळूच विचारलं.

"भानुमतीवहिनींनी त्याच महिन्यात भंगारात घातली."

शेकोटीतला एक निखारा फुटला.

"फेब्रुवारीत मास्तरांना पुरलं. विठोबाच्या शेजारीच जागा मिळाली. संध्याकाळी मी स्वतः उभा राहून कबरीवर सिमेंट करून घेतलं. कब्रस्तानाला कुलूप लावलं, किल्ली माझ्याजवळ होती. सकाळी पाहायला गेलो..."

बापूंनी हात शेकोटीवर धरले.

"ओल्या सिमेंटात सायकलच्या चाकाची खूण होती. कबरीच्या मधोमध सुरू झालेली आणि कडेपर्यंत गेलेली. पुढे मातीत काही नाही. सिमेंट वाळलंय, खूण तशीच आहे. उद्या दिवसाउजेडी जाऊन पाहा."

श्रीकांत शेकोटीच्या जवळ सरकला.

"खोल आहे," बापू म्हणाले. "मागे कोणी बसलेलं असलं की उमटते, तेवढी खोल."